हँडल पुन्हा पुन्हा ढिलं होतंय? लॉकनट कुठे जाऊन टेकतो ते आधी पाहा

"मॅडम, हँडल परत ढिलं हुई गयं."

आमच्या नववीतल्या एका मुलीने हे मला पावसाळ्यात तिसऱ्यांदा सांगितलं. चोपडा तालुक्यातलं गाव. घरापासून शाळा चार किलोमीटर आणि त्यातला निम्मा रस्ता केळीच्या ट्रकांनी उखडलेला. दोनदा तिने सायकल दुकानात नेली. दोन्ही वेळा वरचा मोठा नट करकचून कसून मिळाला आणि दोन्ही वेळा आठ-दहा दिवसांत पुढचा ब्रेक दाबला की खट्खट सुरू. तिसऱ्यांदा मी सायकल घरी आणली आणि चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, पूर्ण उघडला. कारण सापडलं तेव्हा मला वाईट वाटलं, कारण ते दोन मिनिटांत कळण्यासारखं होतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आमच्या शाळेच्या स्टँडवर अशाच आणखी सायकली निघाल्या, तेव्हा तुमच्याकडेही असतील.

हे काम मी नानांकडून शिकले. माझे वडील काळ्या सायकलीला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावून पहाटे चोपड्याला जायचे. दरवर्षी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी, पाऊस लागायच्या आत, ते सायकल अंगणात बाजेवर आडवी टाकत, खाली परात ठेवत आणि चिमटा काढून छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, धूत. त्यांचं एकच सांगणं असायचं, "पहिले देख, मंग कस." या दुखण्यात नेमकं तेच कोणी करत नाही. नट ढिला झाला की कसायचा, परत ढिला झाला की अजून जोरात कसायचा.

आधी शब्द जुळवून घेऊ, कारण गावागणिक नावं बदलतात. फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या वर आणि खाली एकेक वाटी ठोकून बसवलेली असते. चिमट्याची नळी खालून वर या दोन्ही वाट्यांतून जाते. चिमट्याच्या खांद्यावर, नळीच्या बुडाशी, एक घट्ट कडी असते. तिला मी खालची रेस म्हणते. खालची रेस आणि खालची वाटी यांच्यामध्ये छर्रे असतात. वर नळीवर आटे असतात, त्यावर आधी कोन, म्हणजे छर्र्यांवर टेकणारा पातळ नट, फिरवत बसवतात आणि त्याच्याखाली वरचे छर्रे. कोनावर वॉशर, वॉशरवर लॉकनट. वाट्यांपासून लॉकनटपर्यंतच्या या सगळ्या जोडाला मी हेड म्हणते. हँडलचा दांडा या नळीच्या आत उतरतो आणि त्याच्या तळाची पाचर लांब बोल्टने वर ओढली गेली की तो नळीत अडकतो. म्हणजे हँडल धरणारा बोल्ट वेगळा आणि चिमटा धरणारे कोन-लॉकनट वेगळे. मुली "हँडल ढिलं" म्हणतात तेव्हा या दोहोंपैकी नेमकं काय ढिलं आहे, ते आपल्याला शोधायचं असतं.

खरंच चिमटाच ढिला आहे का?

पुढचा ब्रेक दाबून धरा, सायकल पुढे-मागे हलवा आणि डाव्या हाताची दोन बोटं फ्रेमची वाटी आणि चिमट्याचा खांदा यांच्या सांध्यावर ठेवा. आवाज कानाला फसवतो, बोट फसत नाही. सांध्यावर हालचाल जाणवली तर चिमटा ढिला. बोटाखाली काहीच हललं नाही आणि तरी खट् वाजलं तर ब्रेकच्या पिव्होटकडे (तो ज्यावर फिरतो त्या बोल्टकडे) किंवा रबरी ब्लॉककडे पाहा. हँडल काटकोनात वळवून तीच कृती पुन्हा करा. तरीही सांध्यावर तसंच हललं तर शंकाच नको. पुढचं चाक रिमला धरून डावी-उजवीकडे हलवा. ते चिमट्यातच डुलत असेल तर चाकाच्या हबचा, म्हणजे मधल्या तुंब्याचा, कोन ढिला आहे, तिथे हेडला हात लावू नका.

आता पुढचं चाक जमिनीवरून उचला आणि फ्रेम किंचित एका बाजूला कलती करा. चिमटा स्वतःच्या वजनाने अलगद त्या बाजूला पडायला हवा. तो सरळ दिशेला आला की अडकतो, जणू तिथे खोबण आहे, असं वाटलं तर वाटीत खड्डे पडलेत. सरळ रस्त्यावर चालताना छर्रे फारसे फिरत नाहीत. त्याच त्या जागी हादरे खातात, तिथली ग्रीस बाजूला सरकते आणि धातूवर धातू घासून बारीक खळगे होतात. हेड ढिलं ठेवून सायकल चालवली तर हे फार लवकर होतं. म्हणून "थोडं वाजतंय, चालेल" असं म्हणू नका. आठवडाभर वाजू दिलेलं हेड पुढे कितीही नीट कसलं तरी सरळ रेषेत अडखळत राहतं.

हे सगळं करून त्या मुलीच्या सायकलीचा चिमटाच ढिला आहे, हे नक्की झालं. मग मी वरचा लॉकनट पाहिला. तो घट्ट होता. एवढा घट्ट, की मोठ्या पान्यानेही हलेना. आणि त्याच्याखालचा कोन मी बोटांनी फिरवू शकत होते.

नट घट्ट, कोन मोकळा

इथेच सगळं कोडं आहे. लॉकनटचं काम कोनावर दाबून बसायचं. दोघं एकमेकांवर दाबले गेले की आट्यांत घर्षण तयार होतं आणि हादऱ्याने कोण कुठे फिरत नाही. पण लॉकनटच्या आतल्या बाजूला वर एक छोटी कड असते. चिमट्याची नळी जास्त वर आलेली असेल तर लॉकनट खाली उतरता उतरता त्या कडेने नळीच्या तोंडावरच टेकतो. त्यापुढे कितीही जोर लावा, तो नळीलाच आवळतो, कोनापर्यंत पोचत नाही. कसणाऱ्याला वाटतं, बसला. कोन मात्र उघड्यावर पडलेला असतो. तो रोजच्या खड्ड्यांनी सावकाश उलटा फिरतो आणि आठ दिवसांत पुन्हा खट्खट.

पूर्वी ठीक असलेल्या सायकलीत हे अचानक का होतं? या सायकलीला मुळात पुढे टोपली होती. टोपलीची आधाराची पट्टी कोन आणि लॉकनट यांच्यामध्ये दाबलेली असते. टोपली तुटली, घरच्यांनी पट्टीसकट काढून टाकली. पट्टीची जाडी गेली. तेवढी उंची कमी झाली आणि लॉकनट कोनाऐवजी नळीवर टेकू लागला. जुन्या काळ्या सायकलींवर डायनॅमोच्या दिव्याची पट्टी अशीच मध्ये असते. दिवा गेला, पट्टी काढली की तिथेही हेच.

ओळखायची रीत सोपी आहे. लॉकनट पूर्ण कसा आणि कोन बोटांनी किंवा हलक्या पान्याने फिरतो का ते पाहा. फिरला तर हाच दोष. दुसरी खूण लॉकनट काढून मिळते. कोन, वॉशर आणि पट्टी सगळं जागेवर असताना नळीचं तोंड त्यांच्या वर किती उरतं ते मोजा आणि लॉकनटच्या आत कडेपर्यंत किती खोली आहे ते मोजा. नळी त्या खोलीपेक्षा एक-दोन मिलिमीटर कमी वर यायला हवी. जास्त येत असेल तर मध्ये जाडी घालावी लागेल.

उपाय म्हणून मी लेथवाल्याकडून एक इंची नळीवर सरकणारा अडीच मिलिमीटर जाडीचा लोखंडी वॉशर घेतला. दोन पातळ वॉशर एकावर एक ठेवले तरी चालतात, पण ते सपाट हवेत. वाकडा, कापलेला किंवा पत्र्यातून हाताने कातरलेला वॉशर एका बाजूला टेकतो आणि काही दिवसांत चेपून पुन्हा सैल होतो. नळीचं तोंड कानसीने घासून छोटं करणं हा दुसरा मार्ग काहीजण सुचवतात. मी तो घेतला नाही. वॉशर केव्हाही काढता येतो, कापलेली नळी परत मिळत नाही.

बहुतेक सायकलींवर कोन आणि लॉकनट यांच्यामध्ये एक जिभलीचा वॉशर असतो. त्याची आतली जीभ नळीवरच्या उभ्या खाचेत बसते. लॉकनट कसताना कोन त्याच्याबरोबर फिरू नये, हे तिचं काम. ही जीभ मोडलेली असेल तर वॉशर नवा घ्या. जीभ मोडून आट्यांत अडकलेली मी दोनदा पाहिली आहे. त्यावरून नट जबरदस्तीने चढवला तर आटे जातात आणि आटे गेले की चिमटाच बदलावा लागतो.

उघडताना

मोबाईलवर फोटो काढून ठेवा. वरून खाली वस्तू कोणत्या क्रमाने निघाल्या ते नंतर आठवत नाही, आणि छर्र्यांची रिंग (छर्रे धरून ठेवणारी पत्र्याची कडी) कोणत्या तोंडाने होती ते तर मुळीच नाही.

पुढचं चाक काढा, ब्रेकची केबल मोकळी करा. काळ्या सायकलीचे ब्रेक सळ्यांचे असतात. त्या सळ्यांचे जोड आधी सोडवा, नाहीतर हँडल वर येणारच नाही. हँडलच्या दांड्याचा बोल्ट पूर्ण काढू नका. तीन-चार आटे सैल करा आणि बोल्टच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचा एक ठोका द्या. खालची पाचर सुटते आणि दांडा फिरवत वर ओढला की निघतो. वर्षानुवर्षं न काढलेला दांडा गंजून चिकटतो. तिथे तेल सोडून रात्रभर ठेवा. ओढाओढीत फ्रेम पिळू देऊ नका.

मग सायकल आडवी करा, खाली परात किंवा पांढरं फडकं. लॉकनट काढा, वॉशर काढा आणि कोन फिरवताना एक हात चिमट्याखाली ठेवून तो वर दाबून धरा. हात सुटला तर चिमटा खाली सरकतो आणि सुटे छर्रे चौफेर उडतात. अंगणातल्या काळ्या मातीत गेलेला छर्रा परत मिळत नाही. वरचे आणि खालचे छर्रे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा, मोजा आणि आकडा भिंतीवर खडूने लिहा. नाना तसंच करायचे आणि मीही तसंच करते. दोन्हीकडचे छर्रे एकाच मापाचे असतील असं गृहीत धरू नका. एक इंची हेडमध्ये ५/३२ इंचाचे, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटरचे छर्रे नेहमी भेटतात. पण काही सायकलींत खाली ३/१६ इंचाचे, म्हणजे पाऊण मिलिमीटरने मोठे असतात. मिसळले की गेलं. मोठा एकच छर्रा सगळा भार घेतो.

धुण्यासाठी रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल चालतं. पेट्रोल घरात, चुलीजवळ, वापरू नका. जुनी ग्रीस, माती आणि काळं पाणी पूर्ण निघून जाईपर्यंत वाट्या पुसा आणि कोरड्या करा. ओल राहिली तर नवी ग्रीस चिकटत नाही.

आता बॉलपेनचं टोक वाटीच्या चकाकत्या पट्ट्यावरून गोल फिरवा. डोळ्यांना न दिसणारा खळगा पेनला लागतो. टोक कटकट करत गेलं तर वाट्या आणि रेस दोन्ही बदला. फक्त छर्रे बदलून खळगे जात नाहीत. गावात माल मिळेपर्यंत काम भागवायचं असेल तर रिंगवाल्या छर्र्यांच्या जागी त्याच मापाचे सुटे छर्रे भरा. ते रिंगमधल्यांपेक्षा संख्येने जास्त बसतात, त्यामुळे सगळे जुन्या खळग्यांत पडत नाहीत आणि अडखळणं बरंच कमी होतं. पण हे काही आठवड्यांपुरतं.

चिमट्याची नळी धुतल्यावर उजेडात नीट पाहा, खास करून खालच्या रेसच्या वर आणि आट्यांच्या शेवटी. केसासारखा तडा दिसला तर तो चिमटा पुन्हा वापरायचा नाही. वेल्डिंगही नको. चालत्या सायकलीचा चिमटा तुटला तर मुलगी तोंडावर पडते. या एका बाबतीत मी पालकांशी वाद घालायला तयार असते.

खालची रेस: दुसरं लपलेलं कारण

लॉकनट कोनावर नीट बसतो, वॉशरही बरोबर आहे, तरी पंधरा दिवसांनी ढिलं होतंच, असं असेल तर खाली पाहा. चिमट्याच्या खांद्यावरची रेस हाताने फिरते का? हाताने निघते का? तिथे ती घट्ट, ठोकून बसलेली असायला हवी. तिच्याखाली एक मिलिमीटरचं जरी अंतर राहिलं असेल, तर चालताना ती हळूहळू खाली बसत जाते. ती बसली तेवढं वरून हेड ढिलं झालं. तुम्ही वर कसता, ती अजून बसते. हे चक्र रेस खांद्याला पूर्ण टेकेपर्यंत चालतं.

आणि हाताने निघत असेल तर माप चुकलेलं आहे. एक इंची चिमट्याची रेस बसण्याची जागा दोन मापांत मिळते, २६.४ मिलिमीटर आणि २७.० मिलिमीटर. वरवर पाहता दोन्ही रेस सारख्याच. पण २७ ची रेस २६.४ च्या चिमट्यावर घातली तर ती कायम खुळखुळणार. फ्रेममधल्या वाट्यांचंही तसंच, ३०.२ आणि ३०.० मिलिमीटर. हेडचा नवा सेट घ्यायला जाताना जुने भाग बरोबर न्या आणि दुकानात व्हर्नियर नसेल तर लेथवाल्याकडे मोजून घ्या. पत्र्याची चकती घालून सैल रेस घट्ट करायची खटपट मी करून पाहिली आहे. एका बाजूला पत्रा जाड पडतो, रेस कलते आणि चिमटा वळवताना एका ठिकाणी घट्ट, एका ठिकाणी सैल लागतो.

नवी रेस ठोकायला पाण्याच्या एक इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाईपचा फूटभर तुकडा उत्तम. आपल्याकडे शेतावर तो सापडतोच. पाईपचं तोंड सपाट कापून आतली धार कानसीने काढा. तो चिमट्याच्या नळीवरून सरकतो आणि त्याची कड रेसच्या आतल्या काठावर टेकली पाहिजे. छर्रे फिरतात त्या चकाकत्या पट्ट्यावर पाईप टेकत असेल तर थांबा, दुसरा पाईप शोधा. मग चिमटा गोणपाटावर उभा धरून पाईपच्या वरच्या तोंडावर सरळ ठोके. आवाज आधी पोकळ येतो. रेस खांद्याला भिडली की ठोका एकदम भरीव लागतो. तो बदल ऐकू आला की थांबायचं.

वाट्या बसवायला हातोडीपेक्षा लांब आट्यांची सळई आणि दोन मोठे जाड वॉशर वापरा. सळई फ्रेमच्या पुढच्या नळीतून घालून दोन्ही टोकांना वॉशर आणि नट लावले आणि कसत गेलं की वाट्या सरळ ओढल्या जातात. ठोकून वाटी तिरकी बसली तर फ्रेमची नळी अंडाकृती होते आणि मग कोणतीच वाटी तिथे टिकत नाही.

छर्रे आणि रिंग

वाटीत ग्रीस भरपूर घ्या. सायकलच्या दुकानातली मिळाली तर ठीक, नाहीतर ट्रॅक्टरच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये भरतात ती चांगली. मशीनचं पातळ तेल इथे नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, उन्हात उभ्या सायकलचं लोखंड हाताला चटका देतं. पातळ तेल तिथून वाहून जातं आणि उरलेल्या ओशटपणावर धूळ बसते.

सुटे छर्रे ग्रीसमध्ये एकेक चिकटवत जा. रिंगण पूर्ण भरलं की त्यातला एक काढून घ्या. थोडी जागा मोकळी हवी. जबरदस्तीने शेवटचा छर्रा कोंबला तर ते एकमेकांवर चढतात आणि पहिल्याच खड्ड्यात सगळं जाम होतं.

रिंगवाले छर्रे असतील तर रिंग उलटी बसण्याचा धोका फार मोठा. कोणतं तोंड वर, कोणतं खाली, याचा एकच नियम सांगता येत नाही, कारण वाट्यांचे आकार वेगळे असतात. हाताने तपासा. ग्रीस न लावता रिंग ठेवा, वरचा भाग त्यावर टेकवा आणि हाताने दाबून फिरवा. बरोबर असेल तर छर्र्यांवर मऊ फिरतं. उलटी असेल तर रिंगचा पत्रा घासल्याचा खरखर आवाज येतो आणि दोन भागांमधलं अंतर वेडंवाकडं दिसतं. उलट्या रिंगचं हेड पहिले चार दिवस बरं वाटतं. पत्रा झिजला की ढिलं होतं आणि मग तुकडे छर्र्यांत जातात.

कोन आणि लॉकनट कसणं

चिमटा खालून घाला, वरचे छर्रे ठेवा, कोन हाताने फिरवा. तो पहिले तीन-चार आटे बोटांनीच उतरला पाहिजे. सुरुवातीलाच पाना लागत असेल तर आटा तिरका चढला आहे किंवा नट दुसऱ्या आट्यांचा आहे. एक इंची नळीवर बहुधा इंचाला २४ आटे असतात, पण जुन्या रॅले सायकलींवर २६ असायचे. दोन्ही नट सारखेच दिसतात आणि चुकीचा नट एक-दोन वळणं जाऊन अडकतो.

कोन हलका टेकेपर्यंत उतरवा आणि मग किंचित, एक अष्टमांश वळण, उलटा फिरवा. इथे बहुतेकांची चूक होते. ते कोन अगदी बरोबर कसतात आणि मग लॉकनट आवळतात. पण लॉकनट आवळला की तो कोनाला आट्यांमधल्या बारीकशा मोकळ्या जागेइतकं खाली दाबतो. म्हणजे आधी बरोबर असलेलं हेड आता घट्ट होतं. घट्ट झालं म्हणून कोणीतरी लॉकनट थोडा सैल करतो. सैल लॉकनट काही धरत नाही आणि चार दिवसांनी खट्खट. म्हणून कोन आधी थोडा मोकळा ठेवायचा, लॉकनट पूर्ण जोराने कसायचा आणि मग कसलेल्या अवस्थेत तपासायचं. घट्ट लागला तर दोन्ही सोडून कोन पुन्हा थोडा उलटा. पहिल्या प्रयत्नात कधीच जमत नाही. मला अजूनही तीन-चार खेपा लागतात.

लॉकनट कसताना कोन दुसऱ्या पान्याने धरून ठेवायलाच हवा. एक इंची हेडचे पाने बहुधा ३२ मिलिमीटरचे असतात. वर मोठा स्क्रू-पाना चालतो, पण कोन पातळ असतो, त्याला पातळ तोंडाचा पाना लागतो. कोन गोल, कंगोऱ्यांचा असेल तर त्याच्याभोवती जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून पाईप-पान्याने धरा, म्हणजे ओरखडे पडत नाहीत.

हँडलच्या दांड्याला ग्रीस लावून आत घाला. दांड्यावर बारीक उभ्या रेघांची खूण असते, ती नळीच्या आत गेलीच पाहिजे. मुली उंच होतात तसं हँडल वर ओढलं जातं आणि खूण बाहेर येते. तेव्हा पाचर नळीच्या आट्यांच्या भागात अडकते, नळी तिथे फुगते, लॉकनट फिरेनासा होतो आणि कधीकधी नळी तिथेच तडकते. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल वळवून पाहा, जोर लावल्याशिवाय सरकता कामा नये. आणि बोल्ट कसल्यावर हेड परत तपासा, कारण पाचरेच्या दाबाने कोनाचा ताण किंचित बदलतो.

गिअरच्या सायकलीत

माझ्या भाच्याची जळगावहून आणलेली गिअरची सायकल आहे. तिच्यावर कोन नाही, लॉकनट नाही, नळीवर आटेही नाहीत. पण दुखणं तेच निघालं. वरच्या टोपीचा अॅलन बोल्ट तो दर रविवारी आवळायचा आणि दर रविवारी हेड पुन्हा वाजायचं.

या प्रकारात टोपीचा बोल्ट काहीच धरून ठेवत नाही. तो नळीच्या आत बसवलेल्या चांदणीच्या आकाराच्या नटाला वर ओढतो आणि तेवढ्यापुरता बेअरिंगवर दाब आणतो. चिमटा धरतात ते हँडलच्या जोडाचे, म्हणजे हँडल नळीवर आवळणाऱ्या भागाचे, बाजूचे बोल्ट. म्हणून क्रम असा: बाजूचे बोल्ट सैल, टोपीचा बोल्ट खट्खट बंद होईपर्यंतच हलक्या हाताने, हँडल चाकाशी सरळ, मग बाजूचे बोल्ट आलटून पालटून. किती जोर लावायचा ते बहुधा जोडावरच कोरलेलं असतं, ५ न्यूटन मीटरच्या आसपास. बाजूचे बोल्ट घट्ट असताना टोपी आवळली तर काहीच सरकत नाही.

भाच्याने तो क्रम पाळला होता, तरी वाजत होतं. मी टोपी काढली. चिमट्याची नळी हँडलच्या जोडाच्या वरच्या कडेशी अगदी सपाट आली होती. टोपी नळीच्याच तोंडावर टेकत होती, खाली दाब पोचतच नव्हता. हँडल खाली घ्यायच्या नादात त्याने जोडाखालची एक जाडीची रिंग काढून टाकली होती. नळीचं तोंड जोडाच्या कडेपासून सुमारे ३ मिलिमीटर खाली हवं. ती रिंग परत घातली आणि एका बैठकीत काम झालं. तिथे टोपलीची पट्टी, इथे रिंग, दोन्हीकडे दोन-तीन मिलिमीटरचा फरक.

त्या मुलीच्या सायकलीला वॉशर बसवून दोन महिने झाले. पहिल्या आठवड्याला मी एकदा तपासलं, तेव्हा किंचित हालचाल होती. नवी ग्रीस आणि नवे छर्रे बसतात तेव्हा ती होतेच. कोन थोडा खाली घेऊन पुन्हा आवळला. त्यानंतर शाळा सुटल्यावर मी दर शनिवारी सांध्यावर बोट ठेवते, काही हलत नाही. तिची टोपलीची पट्टी वडिलांनी भंगारात दिली होती. तुमच्या घरात एखादीची टोपली तुटली असेल तर ती कापून टाका, पण लॉकनटखालची पट्टी जागेवर ठेवा. काढायचीच असेल तर तिच्या जाडीचा वॉशर त्याच दिवशी घाला.